राहून गेलेली सोळा पानं

‘माझी चूक झाली’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. दादा गिऱ्हाइकांना सांगतो, "हिने पुस्तक उलटं बांधलं, तरी म्हणेल, लिहिणाऱ्यानेच तसं लिहिलंय." आमच्या बाइंडिंगच्या दुकानात आम्ही दोघंच. दादा पुठ्ठे चढवतो, मी पानं शिवते.

तर परवा खळीच्या डब्याखाली सोळा पानांचा फर्मा सापडला, इंग्रजी-मराठी शब्दकोशाचा. तो कोश दुभाषीबाईंचा, आणि बांधून नेऊन आठवडा झालेला. कोश दुकानात आला तेव्हाच त्याच्या कडा कुरतडलेल्या होत्या, म्हणून शिवण्याआधी मी त्या कापल्या होत्या. त्यात पानांचे आकडेही गेले, मग शिवताना ताडून बघायला काही उरलंच नाही.

लगेच उठून जायचं, तर मी वाचत बसले. आधी ‘लॉ’ म्हणजे कायदा, मग ‘लॉन’ म्हणजे हिरवळ, मग ‘लॉयर’ म्हणजे वकील! वकील हिरवळीवर काय करत होता? ‘लेझी’ म्हणजे आळशी, आणि त्याला जवळजवळ खेटूनच ‘लीडर’. यांना शेजारी कुणी बसवलं देव जाणे, पण मला भलतीच गंमत वाटली. दोन दिवस मी हातातलं काम टाकून तेच वाचलं.

तिसऱ्या दिवशी दादा बाहेरून आला. "दुभाषीबाई भेटल्या. शिकणं सोडलं म्हणाल्या."

मी वाचायची थांबले. मेंदूला झटका आल्यापासून बाईंचं इंग्रजी पुसलं गेलं होतं. दुभाष्याच्या कामावर परतायचं म्हणून त्या कोशातले शब्द ओळीने, रोज थोडे, पुन्हा शिकत होत्या. फर्मा पिशवीत घालून मी तडक त्यांच्या घरी गेले.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. कोश मिटलेला, वर वही.

"लाफ म्हणजे हसणं," त्या म्हणाल्या. "लँड म्हणजे जमीन. ‘एल’पाशी पोचले आणि असे चौदा शब्द आपोआप आठवले गं. किती आनंद झाला! पण कोशात एकही नाही. म्हणजे मीच रचले. आता या डोक्यावर भरवसा कसा ठेवू?"

मी फर्मा त्यांच्या मांडीवर ठेवला. "हा शिवायचा राहिला होता."

त्यांनी पेन्सिल घेतली. एकेक शब्द शोधायचा, वहीत खूण करायची. घाई नाही. मी उभीच. चौदावी खूण करून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे माझं डोकं बरोबर होतं?"

"हो बाई. चूक माझी झाली."

"पुन्हा सांग."

"चूक माझी झाली."

त्यांनी डोळे पुसले, वही छातीशी धरली आणि म्हणाल्या, "अजून एकदा."

मी सांगितलं.