तळघरातली इपोहची खुर्ची

मित्रांनो, जरा हळू बसा. मी वेताची खुर्ची आहे आणि आता माझं वय झालं आहे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, एका घराच्या तळघरात माझा मुक्काम असतो. माझा जन्म मात्र इथला नाही. मी मलेशियातल्या इपोह गावची आहे. तिथे हवेत इतका ओलावा असतो की वाळत घातलेले कपडेही दोनदा विचार करून वाळतात. वेताला असा ओलावा फार आवडतो.

मला बनवलं एका म्हाताऱ्या चिनी कारागिरानं. ते वेत रात्रभर पाण्यात भिजवायचे, मग दिव्याच्या ज्योतीवर शेकत हळूहळू वाकवायचे. घाई केली की वेत चिरतो, म्हणून ते कधी घाई करत नसत. त्यांचा मुलगा वेंग शाळामास्तर होता. माझ्या डाव्या हातावरची वेताची पट्टी त्यानं गुंडाळली आणि ती वाकडी गेली. वडील त्याला खूप रागावले. वेंग म्हणाला, "राहू द्या. चारूला कळेल, ही मी गुंडाळली."

हा चारू म्हणजे आमचे चारुदत्तकाका. काकांचे वडील कोकणातून डॉक्टर म्हणून मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, गेले आणि तिथलेच झाले. काका इपोहला जन्मले, वेंगच्या शेजारी एकाच बाकावर बसून शिकले आणि पुढे इंजिनियर होऊन अमेरिकेत आले. त्यांची लेक रुपाली जन्मली, त्या वर्षी वेंगनं मला भेट म्हणून बोटीनं पाठवलं. सगळं घर अमेरिकेचं होत गेलं, पण काकांचा पासपोर्ट मलेशियाचाच राहिला.

ट्रॉयला माझे खूप लाड झाले. वसुधाकाकूंनी मला तळघरातल्या सगळ्यात उबदार जागी ठेवलं, गरम हवेच्या जाळीपाशी. बिचाऱ्यांना वाटलं, गरम देशातून आलेली आहे, थंडी सोसणार नाही. मित्रांनो, त्या मायेनंच माझं अंग वाळायला लागलं. पण प्रेमानं ठेवलेल्या जागेबद्दल तक्रार कशी करायची?

शनिवारी मराठी मंडळी जमायची. प्रत्येक घरातून एकेक पदार्थ यायचा, बुटांचा ढीग गराजमध्ये पडायचा, बायका वर आणि पुरुष खाली माझ्याभोवती. चारुदत्तकाका माझ्यावर बसले की मलेशियाचं राजकारण सुरू. ते आपल्या सरकारवर टीका करायचे. मलय, चिनी आणि भारतीय यांना तीन वेगळ्या पक्षांत बसवून ठेवलंय, म्हणायचे, आम्ही तर एका बाकावर बसायचो. पण बाहेरच्या कुणी नाव ठेवलं की काका उसळायचे.

"आमच्या कथिलाचा भाव कुठे ठरतो? लंडनला!" ते म्हणायचे. पंच्याऐंशी साली तो बाजार कोसळला, इपोहच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा ते कितीतरी शनिवार तेवढंच बोलत होते. "गोरे साहेबपण आमच्या भल्यासाठीच राज्य करायचे म्हणे. घरातलं भांडण घरच्यांनी मिटवायचं. आउटसायडर्सनी इंटरफिअर करायचं नाही, पीरियड!"

समोर असायचे नागपूरचे कुमारकाका. त्यांनी नुकतीच अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली होती, त्यामुळे रेगनसाहेबांचं सरकार हे त्यांचं घरचं सरकार झालं होतं. "अरे यार चारू, आपण जरा प्रेशर टाकलं ना, तर तुमचे लोक सरळ येतील," ते म्हणायचे. त्यातलं 'आपण' ऐकून मला हसू यायचं.

एका हिवाळ्यात माझा डावा हात तडकला. आवाज ऐकून सगळे दचकले. चारुदत्तकाका वर चहा आणायला गेले तेवढ्यात कुमारकाकांनी गराजमधून हातोडी शोधून आणली, गोंद लावला आणि वेंगच्या वाकड्या पट्टीवर धडाधड चार खिळे ठोकले. "आत्ता रिपेअर केलं बघ. रॉक सॉलिड!" असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. माणूस मनानं फार चांगला हो. पण मला कुणी विचारलं का? वेताला खिळा मारला की चीर लांबत जाते. चारुदत्तकाका खाली आले, त्यांनी खिळे पाहिले आणि पाहुण्यांच्या हातात चहाचे कप दिले. तो हात पुढे वर्षभर दुखत राहिला.

मग सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर उजाडला. काका मोठ्या खुशीत होते. कंपनीत वरची जागा त्यांना देऊ केली होती. अट एकच, अमेरिकन नागरिकत्व हवं. काकांनी सगळे सोपस्कार पुरे केले. शपथेची तारीख नोव्हेंबरात, डेट्रॉइटला. मलेशिया दुसरं नागरिकत्व चालू देत नाही, म्हणजे शपथ घेतली की जुनं गेलं. "नुसता कागद तर बदलायचा," ते काकूंना सांगत. पण सांगताना त्यांचा अंगठा माझ्या हातावर घासत राहायचा.

मंडळाची दिवाळी त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी होती आणि नेमका तोच दिवस हॅलोवीनचा. तळघरात भुतं, चेटकिणी आणि एक पिवळा भोपळा अशी सोंगं घेतलेली पोरं चकल्या खात फिरत होती. तेवढ्यात माझ्याशेजारचा भिंतीवरचा फोन वाजला. इपोहहून काकांची आई बोलत होती. म्हातारीचा आवाज एवढा चढलेला की मलाही ऐकू आला.

"चारू, आपल्या वेंगला नेलं रे! शाळेतून उचलून नेलं!"

त्या आठवड्यात तिथल्या सरकारनं शंभराहून जास्त माणसं पकडली होती आणि काही वर्तमानपत्रं बंद केली होती. चिनी शाळांवरून वाद पेटला होता, त्यात वेंग सभेत बोलला होता. खटला न चालवता कितीही काळ ठेवता येईल, असा कायदा होता. काकांनी फोन ठेवला आणि सगळ्यांना बातमी सांगितली. मग माझ्यावर बसले.

चेटकिणीच्या टोपीतली रुपाली पुढे आली. "बाबा, आय विल राइट टू अवर काँग्रेसमन. टुनाइट."

"एक्झॅक्टली!" कुमारकाका म्हणाले. "आपल्या सरकारनं दम भरायलाच हवा. चारू, आता नाही तर केव्हा?"

"नाही!" काका एवढ्या जोरात ओरडले की भोपळा रडायला लागला. "एक धमकी गेली इथून, की तिथे वेंगला परक्यांचा हस्तक म्हणतील. त्याला आणखी अडकवाल तुम्ही!"

"सो वी डू नथिंग?" रुपालीनं विचारलं. "बाबा, ही इज युअर फ्रेंड."

मंडळी डबे घेऊन लवकर निघून गेली. मित्रांनो, माझ्यावर बसून काकांनी हजार मतं दिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या मताची किंमत दुसऱ्या माणसाला मोजावी लागणार होती, आणि तो माणूस माझ्या हातावर पट्टी गुंडाळणारा वेंग होता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चहा घेऊन खाली आल्या. काका म्हणाले, "वसुधा, मी शपथ घेणार नाही."

"म्हणजे? कॅन्सल करणार?"

"आज मी तिथला नागरिक आहे. मी बोललो तर तो घरच्या माणसाचा आवाज. शपथ घेतली की तेच शब्द परक्याचे. वेंगला आत्ता घरचं माणूस हवंय."

"ती पोस्ट जाईल हातची."

"जाऊ दे."

काकूंनीही त्या पोस्टवर खूप बेत रचले होते. मग हळूच म्हणाल्या, "आणि तुझं नाव तिथे नोंदलं गेलं तर? पासपोर्ट रिन्यू करायचाय तुझा. केला नाही तर? आई थकल्यात, चारू. त्यांना भेटायचं राहून जाईल."

काकांचे डोळे भरून आले. "ती भीती मलापण आहे. पण गप्प बसलो तर आईसमोर कुठल्या तोंडानं उभा राहू? तिनं वेंगलासुद्धा जेवू घातलंय."

काकूंनी चहाचा कप माझ्या हातावर ठेवला, अगदी खिळ्यांवर. "पुरीभाजी करते," त्या म्हणाल्या. "वॉशिंग्टनला जायला दिवसभर ड्राइव्ह करावं लागेल. वाटेत तुला ते बर्गर चालत नाहीत."

ते दोघं वॉशिंग्टनला मलेशियाच्या वकिलातीत जाऊन आले. मी अर्थातच बरोबर नव्हते, पण परत आल्यावर काकांनी माझ्यावर बसून रुपालीला सगळं सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना चहा दिला, नीट ऐकून घेतलं. काकांनी पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मी कुणा परक्या सरकारचा निरोप घेऊन आलो नाही. मी तुमचा नागरिक आहे. माझ्या मित्रावर आरोप असेल तर तो कोर्टात मांडा, नसेल तर त्याला घरी पाठवा. हे माझं मत आहे, माझ्या नावानिशी."

"अँड मी?" रुपाली म्हणाली. "मी तर अमेरिकन आहे. मी गप्प बसायचं?"

काकांनी जरा विचार केला. "वेंगच्या बायकोला विचारू. तिचा नवरा आहे, ती सांगेल."

फोन लागला. ती म्हणाली, तुमच्या सरकारला नको, पण मुलीनं वेंगलाच कार्ड पाठवावं, मिळालं तर त्याला बरं वाटेल. रुपाली दर महिन्याला कार्ड पाठवत राहिली. त्यात ती बर्फाबद्दल, शाळेबद्दल आणि माझ्याबद्दल लिहायची.

तो हिवाळा फार वाईट गेला. कंपनीतली जागा दुसऱ्याला मिळाली. शनिवारची मंडळी दुसऱ्यांच्या घरी जमू लागली, कारण कुमारकाका आणि काका बोलत नव्हते. माझ्यावर कुणी बसेना. वर जुन्या कोटांचा ढीग साठला, खालून गरम हवा येत राहिली आणि माझी एकेक शीर तडकत गेली. मला वाटलं, संपलं आता.

एके दिवशी रुपाली खाली आली. तिनं कोट उचलले, माझ्या हाताला बोट लावलं आणि वरच्या दिशेनं हाक मारली, "बाबा, इट्स सो ड्राय! कॅन आय डू समथिंग? कसं करतात?"

काका खाली आले. दोघांनी मिळून मला गरम जाळीपासून दूर सरकवलं. मग काकांनी तिला ओलं फडकं कसं फिरवायचं ते दाखवलं. भिजवून पिळलेलं, आधी पाठीवर, मग हातांवर, सावकाश. मित्रांनो, ते पाणी माझ्या अंगात शिरलं तेव्हा मला इपोह आठवलं. तशी ती माझ्या गावाला परकी मुलगी. पण तिनं आधी विचारलं, म्हणून तिचा हात मला परका वाटला नाही.

काकांचा पासपोर्ट नवा होऊन आला. पुढच्या वर्षी वेंग सुटला. काकांच्या बोलण्यामुळे सुटला असं मी म्हणणार नाही, मला ते ठाऊक नाही. कितीतरी लोक सुटले, त्यांत तोही होता.

आणि या वर्षी, एकोणनव्वदच्या शरद ऋतूत, वेंग ट्रॉयला आला. केस पांढरे झालेले, बोलताना वाक्याच्या शेवटी तिकडचा 'ला', आपल्या 'रे'सारखा. काकूंनी शनिवारी सगळ्यांना बोलावलं, कुमारकाकांनाही. वेंग माझ्यावर बसला. त्याची बोटं आपोआप डाव्या हातावर गेली आणि थांबली.

"हे खिळे कुणाचे ला?"

कुमारकाकांनी मान खाली घातली. "माझे. मला वाटलं, रिपेअर होईल."

वेंग हसला. "तुमचा हेतू चांगला होता. खुर्चीला विचारायचं तेवढं राहिलं." मग त्यानं काकांकडे पाहिलं. "चारू, काढू का?"

त्यानं पिशवीतून वेताच्या पट्टीची गुंडाळी काढली, इपोहहून आणलेली. ती भिजत घातली, खिळे उपटले, चीर झाकत पट्टी गुंडाळू लागला. गुंडाळताना म्हणाला, "आत असताना बायको भेटायला आली. म्हणाली, चारूनं शपथ घेतली नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. मला वाटलं होतं, माझ्या बाकावर आता मी एकटाच उरलो."

काकांनी पट्टीचं दुसरं टोक धरून ठेवलं होतं. काम संपलं तेव्हा रुपाली वाकून बघू लागली आणि म्हणाली, "अंकल, इट्स क्रूकेड!"

"असू दे," काका म्हणाले, आणि मग त्यांना रडू आवरलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठून तरी लांबून आलेली एखादी वस्तू असेल, एखादं माणूसही असेल. त्याला सांभाळा, पण त्याच्या गावची हवा कशी होती ते आधी विचारा. आता दर शनिवारी कुमारकाका सगळ्यांच्या आधी येतात, स्वतः फडकं भिजवून पिळतात आणि माझ्यासमोर उभे राहतात.

"चारू, पुसू का रे?"

"मला काय विचारतोस?" काका म्हणतात. "तिला विचार."

मग कुमारकाका खरंच माझ्याकडे वळतात आणि विचारतात. मला बोलता येत नाही, पण मी दर वेळी हो म्हणते.