पुढच्या पाळीसाठी

आमच्या शुभंकरचं लग्न दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात झालं आणि जुलैत आमची नवी सून सीमा चाळीस वह्यांचा गठ्ठा घेऊन रागारागानं घरात शिरली.

"बाबा, चाळीस वह्या अन् एकच निबंध! 'माझी शाळा.' सगळ्यांनी गाईडमधून उतरवला. शाळेत बगिचा आहे म्हणे. कुठं आहे बगिचा?"

"कोणासाठी लिवतात ते पोरं?"

"माझ्यासाठी. नंबरासाठी."

"तुले तर सगळं मालूम आहे. ज्याले मालूम नाही त्याच्यासाठी लिवू दे ना."

सीमाची शाळा दोन पाळ्यांची. सकाळी पाचवी 'अ', दुपारी त्याच खोलीत, त्याच बाकांवर पाचवी 'ब'. दोन्ही वर्गांच्या पोरांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. मी एका खाजगी रोलिंग मिलमध्ये एकतीस वर्षं पाळ्या केल्या; ती मिल आता बंद पडली. पाळी संपली की रजिस्टरात लिहायचं: काय बिघडलं, कुठं सांभाळायचं. पुढच्या पाळीवाल्यासाठी.

सिविक सेंटरच्या बाजारातून लाल बांधणीचं जाड रजिस्टर आणलं आणि दुसऱ्या दिवशी मी सीमाच्या पाचवी 'अ'च्या वर्गात उभा राहिलो. रजिस्टर टेबलावरच राहील, दुपारी 'ब'वाले त्यातच उत्तर लिहितील; नियम एकच सांगितला. तुमच्या जागेवर दुपारी बसणाऱ्याला तुम्ही सांगितल्याशिवाय जे कळणार नाही, ते लिहायचं. आमचं गाव हिंदी मुलखातलं; पोरं हिंदीत लिहायची, मध्येच घरची बोली. मी इथं मराठीत सांगतो.

पहिली नोंद सुमेधची. "खिडकीजवळच्या बाकाचा खिळा वर आला आहे. चड्डी फाटते. माझी फाटली."

दुसऱ्या सकाळी उत्तर हजर. "दगडानं ठोकला. तुझी कोणत्या बाजूनं फाटली?"

असा हशा उठला की शेजारच्या वर्गाच्या बाई बघायला आल्या. त्या दिवसापासून सात वाजायच्या आत पोरं फाटकावर. "आजोबा, जवाब आया क्या?" फळ्यामागं पालीची दोन अंडी सापडली, तर दहा दिवस दोन्ही पाळ्यांत त्यांचीच खबर. 'ब'नं लिहिलं, "एक पिल्लू निघालं." सकाळची पोरं खवळली. "केवढं? रंग कोणता? चाललं कसं? नीट लिहा!"

सीमा त्या दिवशी पोळ्या लाटता लाटता नाचायचीच बाकी होती. "बाबा, पोरंच पोरांले नीट लिवा म्हणून राहिले!"

सगळेच मोकळेपणानं लिहायला लागले, एक दीक्षा सोडून. वर्गात सगळ्यात सुंदर अक्षर तिचं. रोज तिच्या नावापुढं एकच ओळ, मोत्यासारखी: "सर्व ठीक आहे."

 शेवटी तिच्या बाकावर जाऊन बसलो.

"कावून गं, रोज सर्व ठीक कसं काय?"

"गलती हो गई तो? लाल पेन लगता है."

"माह्याजवळ लाल पेन नाही. अन् माहं अक्षर पाह्य." मी माझं नाव लिहून दाखवलं. तिला हसू आवरेना.

"इतना गंदा?"

"एक्केचाळीसव्या वर्षी शिकलो, बाई."

मग तिला सांगितलं. मिलमध्ये क्रेनच्या साखळीची एक कडी चिरलेली मी पाहिली होती. बिघाड ज्यानं पाहिला त्यानं आपल्या हातानं लिहायचा; मला लिहिता येत नव्हतं आणि चारचौघांत तसं सांगायची लाज. 'सर्व ठीक' एवढी ओळ हजेरीबाबू कुणाचीही लिहून द्यायचा; त्याला म्हटलं, लिहा, सर्व ठीक. खाली अंगठा दिला. दुपारच्या पाळीत ती कडी तुटली. त्या पाळीवर असलेल्या भय्याजी रामटेके यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दोन महिन्यांनी तेच भय्याजी उरलेल्या तीन बोटांत खडू धरून मला अक्षरं शिकवायला लागले.

 दीक्षा म्हणाली, "वो आप पर गुस्सा नहीं हुए?"

 तीस वर्षं भय्याजी आणि मी एका कपातला चहा बशीत वाटून प्यालो, पण हे विचारायची माझी छाती झाली नव्हती.

"तूच विचार. लिवून."

तिनं लिहिलं. दोनदा खोडलं, तसंच राहू दिलं. "भय्याजी आजोबा, तुम्हाला देवराव आजोबांचा राग आला नव्हता का? खरं सांगा. सर्व ठीक लिहू नका."

'ब' सुटल्यावर रजिस्टर पिशवीत घालून मी जुनवानीला भय्याजींच्या घरी गेलो. भय्याजी खाटेवर बसले होते. दम लागायचा त्यांना, पण ओळ वाचून मोठ्यानं हसले.

"कोण व्हय हे पोरगी? वकील व्हते का?"

"भय्याजी, तुमी लिवू नका. राहू द्या."

"चूप बैस. मले विचारलं तिनं, तुले नाही. पेन दे."

लिहायला बराच वेळ लागला. मी भिंतीकडं पाहत राहिलो. मग त्यांनी रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं.

"राग आला होता. खूप. म्हणूनच त्याला लिहायला शिकवलं."

दुसऱ्या सकाळी दीक्षानं ते मोठ्यानं वाचलं, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि लिहायला बसली. घंटा झाली तरी उठेना. "थांबा ना, आजोबा, अभी बाकी है!" दीड पान झालं. घराविषयी, वडिलांविषयी, जे ठीक नव्हतं त्याविषयी. ओळी खाली घसरलेल्या, चार ठिकाणी खाडाखोड. दुपारी 'ब'मधल्या राजदीपनं तिला दोन पानं उत्तर लिहिलं.

तसली तीन रजिस्टरं भरली. प्रत्येक भरलेलं मी जुनवानीला नेऊन भय्याजींना वाचून दाखवायचो. तिसरं अर्धंच ऐकवून झालं होतं. भय्याजी रामटेके ११ फेब्रुवारी २०२० रोजी, मंगळवारी, सकाळी साडेसहाला घरीच वारले.