अकरा नंबरचा बुधला

आमच्या वायनरीत नियम एकच, आणि तो मालकांनी, म्हणजे मास्तरांनी, खडूनं दारावर लिहून ठेवलाय: यीस्टची पुडी गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं टाकायची. बाकी सगळं आम्ही बघतो, म्हणजे द्राक्षाचा रस काचेच्या बुधल्यात ओतायचा, तोंडाला नळी बसवायची, नंबर आणि तारीख बांधायची. गिऱ्हाईक फक्त वाकून रसाचा वास घेतं, पुडी फोडून दाणे भुरभुरवतं आणि सहा आठवड्यांनी स्वतः केलेल्या वाइनच्या तीस बाटल्या घरी नेतं. असं का, विचारलं तर मास्तर म्हणायचे, "ज्याची वाइन त्याचा हात. उगाच फाटे फोडू नकोस."

नऊ वर्षं मी तिथे शिकवतेय, आणि गेल्या वर्षी एका साध्या तापात माझं नाक गेलं. नाक गेलं की अब्रू गेली म्हणतात. माझी अब्रू शाबूत होती, नुसतं नाकच गेलं होतं. घरी दूध करपायचं आणि मी शेजारी मख्खासारखी उभी, मग थोरली बहीण आतून ओरडायची, "अगं, जळतंय की!" कामावर मात्र मी ताकास तूर लागू दिली नाही. मास्तर थकले होते, पुढच्या हंगामापासून सगळं तूच बघ म्हणत होते, आणि वास न येणाऱ्या बाईच्या हाती वायनरीच्या किल्ल्या कोण देईल? चार महिने मी रंग बघून आणि पाठ केलेली वाक्यं बोलून वेळ मारून नेली.

मग घड्याळवाले काका आले. बायको वारल्यावर घरात नुसते बसून असायचे, म्हणून लेकीनं त्यांना आमच्याकडे शिकायला पिटाळलं होतं. बुधल्यावर वाकून त्यांनी वास घेतला, लहान मुलासारखे हसले. पण पुडी फोडताना हात असे थरथरले की निम्मे दाणे टेबलावर.

"जन्मभर केसाएवढे स्क्रू बसवले हो, आणि आता बघा," ते ओशाळून म्हणाले. "ताई, तुम्हीच टाका ना."

मास्तर मागे गोदामात होते. माझ्या जिवावर आलं, पण म्हाताऱ्या माणसाचं ते तोंड बघवेना. दुसरी पुडी काढली आणि टाकली.

तिसऱ्या दिवशी बुधले पुसताना अकरा नंबरपाशी माझा हात थांबला. वास! द्राक्षाचा नव्हे, लोकरीच्या शालीचा, लवंगेचा, अंगाच्या साबणाचा, आणि त्याखाली कुणा बाईच्या मानेचा, ऊबदार. त्या बाईला मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण तेव्हा कुणाला काय त्याचं? मी मटकन खाली बसले आणि आनंदानं ढसाढसा रडले. संध्याकाळी जिन्यातच तळलेल्या कांद्याचा वास आला, तशी धावत वर जाऊन बहिणीच्या गळ्यात पडले. "कांदा गं, कांदा!" मी म्हणत होते आणि तीही रडत होती, हातातला झारा तसाच धरून.

सहा आठवड्यांनी काका बाटल्या भरायला आले. पेला नाकाशी नेला, पुन्हा नेला आणि खाली ठेवला.

"काही कळत नाही," ते म्हणाले. "इथून गेलो त्याच आठवड्यात नाक बंद झालं. डॉक्टर म्हणतात, वय. जेवणाचं काही नाही हो, पण तिची शाल मी धुतली नव्हती. रोज संध्याकाळी जरा..." त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तुम्ही सांगा ना, कसला येतोय?"

मी पेला उचलला. शाल, लवंग, साबण, मान. सगळं जसंच्या तसं. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. पण शेजारी मास्तर उभे होते, किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत.

"पिकलेलं आलुबुखार," मी म्हणाले. "किंचित मिरी."

"छान झालीय म्हणजे," काका म्हणाले आणि माझे आभार मानून तीस बाटल्या घेऊन गेले. मास्तरांनी त्याच दुपारी किल्ल्या माझ्याकडे दिल्या.

आठवडाभरात माझी कॉफी फिकी पडायला लागली. मग साबण गेला. काल सकाळी दूध उतू जाऊन करपलं आणि बहीण आतून ओरडली, तेव्हा मी शेजारीच उभी होते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आज सकाळी पहिलंच गिऱ्हाईक म्हणून एक तरुण बाई आली, महिन्याभराचं बाळ खांद्यावर घेऊन. रसाचा वास घेतला, पुडी एका हातानं फोडू लागली, जमेना. बाळ कुरकुरलं.

"असू द्या," मी म्हणाले, "तुमचे हात अडकलेत. मी टाकते."

"बरं झालं बाई," ती हसली, बाळाच्या टाळूत नाक खुपसून तिनं एक खोल श्वास घेतला, आणि पुडी माझ्या हातावर ठेवली. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू.