विरेशची गाडी पास झाली, माजी न्हाय

बसा गुरुजी, नीट टेकून बसा. आज जरा लांबनं नेतो, भाडं तेवढंच घीन. तुमाला एक सांगायचं हाय. त्यात माजीच लाज हाय, पन सांगतो.

विरेश आन मी अकरा वर्सं एका स्टँडवर. तो अक्कलकोटकडला, घरात कानडी. मी जेऊरचा, मला त्या भाषेतलं 'बा' आन 'होगु', म्हंजी ये आन जा, एवढं सोडलं तर काय येत न्हाय. दोगांनी रिक्षा एकाच महिन्यात घेतलेल्या, म्हंजी पासिंगबी एकाच महिन्यात. यंदा त्याची पास झाली, माजी न्हाय.

आरटीओच्या साहेबानं माज्या गाडीचं चाक हलवलं, वाकून खाली बगितलं, आन एक इंग्रजी कागद हातात दिला. मी इचारलं, काय काय करायचं साहेब? लिवलंय की, म्हनला, आन पुडची गाडी बोलावली. मी चौथीत शाळा सोडलेला मानूस. कागदाची घडी घातली खिशात आन सरळ सिदूच्या गॅरेजात. म्हनलं, सगळं बग बाबा.

त्यानं सगळंच बगितलं की. ब्रेक बगितलं, सीट बगितली, हूड बगितला. रिक्षाला दार नसतंय म्हनून ते तेवढं राहिलं. म्हनला, बावीस हजार. मी म्हनलं, गाडी नीट करायची हाय, तिचं लगीन न्हाय लावायचं. तर म्हनतो, कमीच सांगितलंय काका. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सव्वीस सांगितलं. आलो परत सिदूकडं.

तितं विरेशची गाडी उबी. विरेशनं कानडीत काईतरी इचारलं. सिदू हात पुसत म्हनला, "आयतु, आयतु," आन जा म्हनून हात हलवला. विरेश गाडी चालू करून निगून गेला. खिशात हातसुदिक घातला न्हाय.

माज्या कानात शिरलं, आयतं. म्हनलं, बरं हाय. एका भाषेचा म्हनून त्याला आयतं, आन मला बावीस हजार.

दुसऱ्या दिशी त्याची गाडी पास. घरी आमची भीमाबाई म्हनली, विरेशभावजींनी बगा कसं उरकलं. मी ताटावरनं उटलो. माज्या रिक्षातली शाळंची पोरं आठ दिवस तोच नेत होता. मीच ने म्हनलंवतं, तरी बगवंना. त्यात एक बारकी पोरगी मला म्हनती, मामा, तुमची गाडी अशीच राहू दे की, विरेशमामा गानी लावतो.

ते काय जिरलं न्हाय. सकाळी बसव्वाच्या च्याच्या गाड्यापाशी पाच-सा जन उबं होतं. विरेश आपनहून म्हनला, धोंडिराम, तुजा कागद दाकीव की.

मी म्हनलं, "आयतखाऊ मानसानं मला शिकवू नये."

त्यानं कप खाली ठिवला. "कोन आयतखाऊ?"

"तू. सिदूनं तुला आयतं म्हनून गाडी दिली. माज्या कानानं ऐकलंय."

तो गाडी चालू करून निगून गेला. अर्धा च्या तसाच.

बसव्वाबी कानडीच. पातेलं ढवळत म्हनली, "आयतु म्हंजी झालं रे. काम झालं, जा, म्हनला त्यो. तुमचं आयतं न्हवं ते."

मग तिनं सगळं सांगितलं. विरेशचीबी गाडी आदी फेलच झालती. त्यानं कागद लेकीकडनं वाचून घेतला, लिवलेली तीनच कामं सिदूला सांगितली, पैसं आदल्या दिशीच दिलं. मी माजा कागद काडून एका कालेजच्या पोरीला दाकिवला. तीनच कामं. मागचा लाल दिवा, हँडब्रेक आन अंदारात चमकायची पट्टी. सिदू लुबाडाय बसलावता हे खरं, पन सगळं बग म्हननारा मीच की.

तीन कामं केली, गाडी पास झाली. पन विरेश त्या दिवसापासनं स्टँडवर न्हाय. एसटी स्टँडला लावतो, माजा फोन उचलत न्हाय. पोरं अजून त्याच्याच गाडीत. दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन माघारी आलो. तितं त्याची गाडी धुऊन पुसून उबी असती, आन खरं सांगू गुरुजी, ती बगून अजूनबी जळतंय. चूक कळली तरी तेवढं काय जात न्हाय.

तुमचं घर त्याच्या दाराला लागून. आज त्याच्याकडं जावा. म्हनावं, धोंडिराम चुकला, उद्या सकाळी बसव्वाच्या गाड्यावर वाट बगतोय. मीच धाडलं म्हनून सांगा, लपवू नका. आन ती शाळंची पोरं तेवढी माजी मला माघारी द्यायला सांगा.