तीन शेपट्या

तशी पूर्णिमा काही चोर नव्हे. आखातातल्या अल वक्राच्या त्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपाशी कुणाची छत्री सापडली तरी ती घरोघर विचारत फिरायची. पण रोपांच्या बाबतीत सासूबाईंनी फोनवर एक खूळ डोक्यात भरवून ठेवलेलं: मागून आणलेलं रोप रुसतं, चोरून आणलेलं फोफावतं. एरवी सासूचं एक अक्षर कानावर न घेणाऱ्या पूर्णिमाला नेमकं हेच पटलं.

समोरच्या फ्लॅटमधल्या नफिसाआपा रत्नागिरीच्या. त्यांच्या खिडकीत टांगलेल्या कुंडीतून एक निवडुंग लोंबायचा, हातहातभर लांब, केसाळ शेपट्यांचा. आपा त्याला 'उंदीर' म्हणत. ईदला गावी निघताना त्यांनी पूर्णिमाच्या हातात चावी दिली. "उंदराला आठवड्यातून एकदाच पाणी घाल गो. बाकी तुझंच घर."

तुझंच घर म्हटल्यावर काय, तिसऱ्या दिवशी बाई कात्री घेऊन हजर. सगळ्यात लांब तीन शेपट्या कापल्या. त्यांच्यावर बारीक लाल ठिपके होते. तिला वाटलं कीड असेल, म्हणजे आपण उलट उपकारच करतोय. घरी येऊन तिन्ही लगेच ओल्या मातीत खोचल्या आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. संध्याकाळी नवरा, कौशिक, वेस्ट बे भागातल्या ऑफिसातून आला. कुंडी बघून म्हणाला, "आपांनी दिलं?" ती "हो" म्हणाली. कापताना वाटली नव्हती तेवढी लाज तिला त्या 'हो'ची वाटली.

दहा दिवसांत शेपट्या बुडाकडून काळ्या पडल्या, हात लावला तर लिबलिबीत. तिने त्या कचऱ्याच्या पिशवीत कांद्याच्या सालांखाली दडवल्या.

आपा परत आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला चहाला बोलावलं. बशीत फणसाचे तळलेले गरे होते. डोक्यावर तो उंदीर, तीन जागी बुटका.

"पाच वर्षांत यंदा पहिल्यांदा कळ्या धरल्या होत्या," आपा म्हणाल्या. "लाल, मोहरीएवढ्या."

पूर्णिमाच्या तोंडातला गरा तोंडातच राहिला. आणि मग तिने काय करावं? "मधे एसीवाला आला होता, आपा. त्याच्या शिडीचा धक्का लागला असेल," असं बोलून मोकळी झाली. बोलली आणि तिची तिलाच शिसारी आली.

आपांनी शांतपणे कप खाली ठेवला. "कापल्यावर आठवडाभर सुकवल्यास का? तोंड वाळल्याशिवाय मातीत लावायच्या नसतात."

पूर्णिमाचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, पण चौथ्या मजल्यावर धरणी कुठली. "नाही," ती म्हणाली. "लगेच लावल्या."

"मग कुजल्या असतील."

आपा आत गेल्या आणि दह्याच्या डब्यात लावलेली बोटभर शेपटी घेऊन आल्या. टोकाला कोवळी नवी लव आली होती. "तुझ्यासाठी जानेवारीतच लावलेली. मूळ धरलंय. घेऊन जा."

"आपा, माझं चुकलं. एसीवाला आलाच नव्हता."

"ठाऊक आहे गो. चावी तेवढी परत दे. जूनमध्ये गावी जाताना मी ती खालच्या वॉचमनकडे देऊन जाईन."

पूर्णिमाने ती चावी आपल्या घराच्या चाव्यांबरोबर एकाच रिंगमध्ये घातली होती. एका हातात डबा, त्यामुळे रिंग उघडता उघडेना. नख मोडलं. आपा हात पुढे करून उभ्या होत्या, एका शब्दाने घाई न करता.