कमरेवरचे केस

न्हाणीघरातल्या कचऱ्याच्या डब्यात वॅक्सच्या नऊ पट्ट्या होत्या. पाचांवर बारीक लव, चारांवर जाड काळे केस. सर्वात लांब केस साडेसहा सेंटिमीटर. एका पट्टीवर रक्ताचे तीन ठिपके. वॅक्सच्या गुळचट वासात लघवीचा वास मिसळला होता.

"शास्त्रज्ञबाई, कचरा काय चिवडतेस?" मागून सुलक्षणामावशी म्हणाली. लॅबमध्ये नोकरी लागल्यापासून मी पिंप्राळ्याला तिच्याकडेच राहत होते.

"हे केस कोणाचे?"

"दिपमालाचे. उद्या धुळ्याच्या डॉक्टरांना दाखवायचंय ना!"

दिपमाला मावशीची मुलगी, अकरा वर्षांची. दीड वर्षापासून तिला लघवी आवरत नव्हती. चालताना डावा पाय ओढला जाई, त्या बुटाचं टोक झिजलं होतं. जळगावात तीन डॉक्टर झाले. एकाने जंतांचं औषध दिलं, दोघांनी अभ्यासाचं टेन्शन सांगितलं.

मी तिला पाठ दाखवायला लावली. कमरेवर, बरोबर मणक्यावर, तळहाताएवढी कातडी लालभडक सोलली होती. मधोमध एक खळगी, आणि खळगीत वॅक्स अडकलेलं.

"डॉक्टरकडे जाताना दर वेळी काढलेस?"

"मग? शेपटीसारखा झुपका घेऊन पोरीला परक्या माणसापुढे पालथी झोपवू?"

"मम्मी, आग होते गं."

"गप. बायका पार्लरमध्ये पैसे देऊन करून घेतात."

पलंगावरून दिपमालाची आजी, तानुबाई, म्हणाली, "पोरनी जात शे. बठ्ठा गावमा बोभाटा व्हई, मंग लगीन कोन करी?"

मी एक पट्टी लॅबच्या पिशवीत घातली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी गुळगुळीत कंबर पाहिली आणि लिहायला घेतलं. "हे तिच्या कमरेवरचे. काल काढलेत," म्हणत मी पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मणक्यावर असा झुपका म्हणजे आत दोष असण्याची खूण. पहिल्याच डॉक्टरांना हा दिसला असता, तर तेव्हाच एमआरआय झाला असता."

तो आता झाला. मज्जारज्जूचं खालचं टोक चरबीच्या गोळ्यात अडकलं होतं. पोरीची उंची वाढेल तसा मज्जारज्जू ताणला जात होता. सोनोग्राफीत, लघवी करून आल्यावरही मूत्राशयात १९० मिली शिल्लक होती.

"वीसच्या आत हवी," डॉक्टर म्हणाले. "टोक मोकळं करू. पाय आणखी बिघडू नये, एवढं पाहू. लघवीचं मात्र उशीर झालाय. खात्री देत नाही."

दिपमाला बाकावर ओला फ्रॉक गुडघ्यांखाली दाबून बसली होती.

मावशीने विचारलं, "टाक्यांचा व्रण राहील का हो पाठीवर?"

मी तिच्या हातातला माझा हात काढून घेतला आणि ओढणीला पुसला.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा झाली. लघवी करून आल्यावर दिपमालाच्या मूत्राशयात १८५ मिली शिल्लक होती.