दोन माणसांची गाडी

निजामुद्दीनच्या गॅरेजमागच्या आवारात दोन जुन्या गाड्या उभ्या होत्या. दोन्ही लढाईच्या काळातल्या, मिल्ट्रीनं लिलावात काढलेल्या, दोन्हींची चारी चाकं ओढणारी. एक छोटी जीप. दुसरीला सगळे पाऊणटनी म्हणत; ती उंच, रुंद, मागं दोन्ही बाजूंना लोखंडी बाकं असलेली. पुसदच्या बाजाराला आला की फुलसिंग तिथं येऊन बसायचा. कधी हिच्या चाकांवर हात फिरवायचा, कधी तिच्या. ठरत मात्र नव्हतं.

फुलसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा; बाजारात सगळे त्याला मानानं नाईक म्हणत. पैनगंगेच्या बाजूच्या जंगलात कोलाम आदिवासींच्या वस्त्या, म्हणजे पोड, होत्या. तिथून डिंक, चारोळी, मोहफुलं घ्यायची आणि पुसदच्या व्यापाऱ्याला आणून घालायची, हा त्याचा धंदा. सगळा जन्म बैलगाडीवर गेलेला. पण त्या पावसाळ्यात एक बैल साप डसून गेला, आणि दुसऱ्यानं चारा सोडला. जोडी मोडलेला बैल दारात बघवेना म्हणून त्यानं तो विकून टाकला. घरात तसंही बघायला कुणी उरलं नव्हतं. बायको, मानीबाई, आदल्या वर्षीच गेली होती. एकुलता सेवादास भिलाईला लोखंडाच्या कारखान्यात लागला, तिथंच लग्न केलं, तिथंच घर बांधलं. सुरुवातीला येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ "दिवाळीले येतो" असा निरोप धाडायचा. पुढं तोही थांबला.

"नाईक, गाडी पाह्यता का पोरीसाठी नवरा?" निजामुद्दीन हात पुसत हसला. "मी सरळ सांगतो. माल जास्त नेता येईन तो पाऊणटनीत. जीपच्या दुप्पट, तिप्पट. पन ते दोन मानसाची गाडी हाय. नाल्यात फसली का एकानं चालवा लागते, दुसऱ्यानं चाकाखाली दगड द्या लागते. सकाळी थंडीत हँडल मारासाठीबी दुसरा गडी पायजे. जीपचं तसं नाही. फसली तरी एकटा मानूस फावड्यानं काढते."

मग त्यानं सहज विचारलं, "तुमच्यासंग कोन राहीन? पोरगा हाय ना?"

फुलसिंग पाऊणटनीच्या बाकाकडं बघत होता.

"हाय ना," तो म्हणाला. "सेवादास. येऊनच राह्यला तो."

तोंडातून शब्द गेला आणि गाडी ठरली. आता जीप घेतली असती तर बोललेलं खोटं पडलं असतं. शिवाय, बोलून गेल्यावर त्याला क्षणभर खरंच वाटलं, की पोरगा येईल, शेजारी बसेल, एवढी मोठी गाडी बघून म्हणेल, बा, मी चालवतो.

जिनिंग कारखान्याच्या मैदानात निजामुद्दीननं त्याला गाडी शिकवली. उतारवयातला माणूस, पण हात पक्का होता, लवकर शिकला. गाडी तांड्यावर आली तेव्हा लेकरं मागं धावली, बायांनी चाकांना कुंकू लावलं. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले. फुलसिंग अंगणात उभा राहिला. या वेळेला बैलांना पाणी दाखवायचं, पेंड कालवायची, पाठीवरनं हात फिरवायचा. गाडीला काहीच नको होतं. बंद केली की ती बंदच.

मार्गशीर्षात तो डिंक आणायला एकटाच निघाला. जाताना नाला ओलांडला. येताना गाडी भरलेली होती. त्याच नाल्यात मागची चाकं काळ्या चिखलात उतरली आणि थांबली. चारी चाकं लावून बघितली. गाडी गुरगुरली, अन् आणखी खाली बसली. तो उतरला, दगड वेचून आणले, चाकाखाली कोंबले, वर चढला, रेस दिली. चाकानं दगड मागं भिरकावले. पुन्हा उतरला. पुन्हा चढला. पोती उतरवून काठावर नेली, तरी गाडी हलेना. ऊन डोक्यावर आलं. एका वेळी त्याला वाटलं, नेमकं आत्ता चाक सुटतंय, फक्त एक दगड हवा. स्टिअरिंग घट्ट धरून तो जिवाच्या आकांतानं ओरडला,

"सेवा! दगड लाव रे, सेवा!"

इंजिन घुसमटून बंद पडलं. नाल्यात इतकी शांतता झाली, की पाणी दगडांमधनं वाहताना ऐकू येऊ लागलं. फुलसिंगनं हात खाली घेतले आणि तसाच बसून राहिला. मानी गेली तेव्हाही तो इतका वेळ नुसता बसला नव्हता.

दुपार कलल्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन कोलाम बाया आल्या. पुढं धनीबाई होती. वर्षानुवर्षं डिंक देणारी, ओळखीची. मोळ्या टाकून सगळ्या जणी चिखलात उतरल्या. धनीबाईनं दगड लावले, बाकीच्यांनी मागनं रेटलं, आणि पाऊणटनी हुंदका दिल्यासारखी वर निघाली. बायांनी पोतीही परत गाडीत चढवून दिली.

"एवढी मोठी गाडी घेऊन एकटेच काहून निंगाले, नाईक?" धनीबाईनं विचारलं. "संगं कोनी नाही?"

"नाही," फुलसिंग म्हणाला. "माह्यासंगं कोनीच नाही, बाई."

हे तो कुणाजवळ पहिल्यांदाच बोलला होता.

पुढच्या बाजारी त्यानं पाऊणटनी निजामुद्दीनच्या आवारात आणून लावली. जीप अजून जागेवरच होती.

"हे ठेवून घ्या, निजामभाई. मले छोटीच द्या."

"काहून? बिघडली का?"

"गाडी चांगली हाय. पोरगा येत नाही. येनारबी नव्हता. मी तुमाले खोटं बोललो."

 निजामुद्दीननं जीपचं बॉनेट उघडलं, एक-एक गोष्ट तपासली, नवा पट्टा घातला, मागं फावडं आणि दोरखंड बांधून दिलं. मग दोघांसाठी चहा मागवला. 

जीपमध्ये माल थोडाच मावायचा. फुलसिंगच्या खेपा वाढल्या. ती फसायचीही, पण खणून काढली की निघायची. पोडावर आवाज ऐकून माणसं जमायची, डिंक मोजून व्हायचा, दोन शब्द व्हायचे, आणि मग सागवनातली लांब वाट. जागा पुरेना म्हणून शेजारच्या सीटवरही तो एक पोतं ठेवायचा.

एकदा डांबरी सडकेला लागताना एक म्हातारा हात करताना दिसला. फुलसिंगनं घाईनं ब्रेक दाबला, शेजारचं पोतं उचलून मागं टाकलं, सीट हातानं झाडली.

"या, बसा. कुठं जाचं हाय? पुसद का?"

"नाही बा," म्हातारा म्हणाला. "मले दिग्रसकडं जाचं हाय. यष्टी गेली का, तेवढं इचारत होतो."

"मले तं नाही दिसली."

"मंग यष्टी येईनच आता," म्हातारा म्हणाला, आणि दगडावर जाऊन बसला.

फुलसिंग थोडा वेळ थांबला. मग त्यानं पोतं पुन्हा पुढं ओढलं, सीटवर नीट टेकवलं, आणि जीप पुसदच्या वाटेला लावली.